तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या ट्रकला बूस्टर का नाही

"एवढा थोरला ट्रक, आणि त्याचा ब्रेक बूस्टर काढून टाकलास? तुझ्या पायाने थांबतो तरी का?" मंडळाच्या पिकनिकला कुणीतरी हे विचारतंच. पुण्याहून भाऊ विचारतो, गराजसमोर थबकणारे शेजारीही विचारतात. थांबतो, आणि चांगला थांबतो. मी पन्नाशी ओलांडलेली, उंची पाच फूट दोन इंच, तरी तो ट्रक मिशिगनच्या रस्त्यांवर मनापासून चालवते. मॅन्युअल ब्रेकची, म्हणजे बूस्टरशिवाय फक्त पायाच्या जोरावर चालणाऱ्या ब्रेकची, बदनामी मुख्यतः अर्धवट काम केलेल्या गाड्यांमुळे झालेली आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

ट्रक 1972 चा शेव्हरले सी-10 पिकअप. व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, एफ आहे, म्हणजे मिशिगनमधल्याच फ्लिंटच्या कारखान्यातला, आमच्या घरापासून तासाभरावर बनलेला. इंजिन 350 क्युबिक इंचांचं व्ही-8. आधीच्या मालकाने त्यात जास्त ताकदीसाठी मोठा कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवला होता, आणि बूस्टरची अडचण तिथूनच सुरू होते.

बूस्टर म्हणजे फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, बसवलेला गोल पत्र्याचा डबा. आत रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला इंजिनने ओढलेली पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम. ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा ढकलून पायाला मदत करते. निरोगी, मूळ अवस्थेतलं इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असून नुसतं चालू असताना, पाऱ्याचे 18 ते 20 इंच व्हॅक्यूम देतं. मोठ्या कॅमशाफ्टमध्ये इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे आयडलचा व्हॅक्यूम कोसळतो. माझ्या गेजवर तो दहाच्या आसपास दिसायचा, म्हणजे बूस्टरची मदत निम्म्यावर. हायवेवर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की व्हॅक्यूम पुन्हा चढतो, त्यामुळे तिथे फरक जाणवत नाही. त्रास व्हायचा पार्किंगमध्ये, सिग्नलच्या रांगेत, मागे घेताना. डब्यात साठलेल्या व्हॅक्यूमवर पहिला दाब हलका जायचा, त्यानंतरचा अचानक दगडासारखा. पाय ज्याची सवय करून घेऊ शकत नाही असा ब्रेक मला नको होता. इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लावता आला असता, पण पन्नास वर्षांच्या वायरिंगवर ब्रेकचा आणखी एक भार टाकणं मला पटलं नाही.

आता मुद्द्याचं. बूस्टर काढला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर ब्रेक धरणार नाहीत. लोक हेच करतात आणि मग म्हणतात, मॅन्युअल ब्रेक वाईट. मॅन्युअल ब्रेकचा जोर दोन जागी ठरतो: पेडलच्या गुणोत्तरात आणि मास्टर सिलिंडरच्या बोअरमध्ये. मास्टर सिलिंडर म्हणजे पिस्टनने ब्रेक ऑइल नळ्यांत दाबणारा भाग, बोअर म्हणजे त्याचा आतला व्यास. पेडल ज्या पिनवर झुलतं तिथपासून पायाच्या पॅडपर्यंतचं अंतर भागिले पिनपासून पुशरॉडच्या (पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याच्या) भोकापर्यंतचं अंतर, हे गुणोत्तर. बूस्टरवाल्या गाडीत ते साधारण 4 असतं, मॅन्युअलला 6 च्या आसपास लागतं. जीएमच्या, म्हणजे शेव्हरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या, बऱ्याच जुन्या पेडलांना दोन भोकं असतात. वरचं मॅन्युअलसाठी, खालचं बूस्टरसाठी.

बोअरचा हिशोब असा. पायाचा जोर 100 पौंड धरा, म्हणजे सुमारे 45 किलो. गुणोत्तर 4 आणि बोअर सव्वा इंचाहून थोडा कमी, एक पूर्णांक एक-अष्टमांश इंच, हा बूस्टरवाल्या गाडीचा नेहमीचा संच. डबा काढून हाच संच ठेवला तर पिस्टनवर 400 पौंड येतात आणि पिस्टनचं क्षेत्रफळ 0.99 चौरस इंच, म्हणून नळ्यांत दाब जेमतेम 400 पीएसआय (चौरस इंचाला पौंड). आता गुणोत्तर 6 करा आणि बोअर एक इंच. 600 पौंड भागिले 0.785, म्हणजे साधारण 764 पीएसआय. पाय तोच, माणूस तोच, दाब जवळजवळ दुप्पट. रोजच्या थांबण्याला 100 पौंड लागतही नाहीत. इथल्या सरकारी ब्रेक-मानकाच्या चाचण्यांत पेडलवर 150 पौंडांपर्यंत जोर धरलेला असतो, यावरून अंदाज घ्या.

याची किंमत असते ती पेडलच्या प्रवासात. दाब 1.9 पट झाला की तेवढंच ब्रेक ऑइल ढकलायला पेडललाही 1.9 पट खाली जावं लागतं. म्हणून मॅन्युअल ब्रेकमध्ये ढिलाई चालत नाही. मागच्या ड्रमचे लायनर ड्रमपासून लांब राहिले असतील, नळीत कुठे हवेचा बुडबुडा अडकला असेल, तर बूस्टर ते झाकून नेतो. इथे ते थेट पायाला कळतं. मागचे अ‍ॅडजस्टर मी आधी नीट घट्ट केले, ड्रम हाताने फिरवताना हलकासा घासल्याचा आवाज येईपर्यंत. मास्टर सिलिंडर गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये आडवा धरून त्याची हवा बाहेरच काढली. नंतर चारही चाकांची, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

ड्रमबद्दल एक सांगायलाच हवं, कारण भाऊ नेहमी म्हणतो, "अगं, बाबांच्या पद्मिनीला कुठे बूस्टर होता? खंबाटकी उतरायचोच की आपण." बरोबर आहे, पण तिला चारही चाकांना ड्रम होते. ड्रममध्ये फिरणारं चाकच लायनरला ओढून पाचरीसारखं आत घट्ट करतं, म्हणजे ब्रेक स्वतःला मदत करतो. डिस्कमध्ये तसं होत नाही. पॅड दोन्ही बाजूंनी सरळ दाबतात, जेवढा दाब तेवढाच ब्रेक. सी-10 ला 1971 पासून पुढे डिस्क आल्या, म्हणून माझ्या ट्रकला पद्मिनीपेक्षा जास्त दाब लागतो. पॅड निवडतानाही हेच लक्षात ठेवलं. पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. मी ईई सोडून जास्त घर्षणाचे एफएफ घेतले. मॅन्युअल ब्रेकला हा फरक चांगलाच जाणवतो.

सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट पुशरॉडची. मॅन्युअलसाठीच्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला मागून खोल भोक असतं, बूस्टरवाल्याला उथळ. दिसायला दोन्ही सारखेच, बोल्टही तेच बसतात. उथळ भोकात मॅन्युअलचा लांब पुशरॉड टेकवला आणि पेडल जोरात परत आलं, तर रॉड निसटून खाली पडू शकतो, आणि मग पेडलचा ब्रेकशी संबंधच उरत नाही. खोल भोकाचाच सिलिंडर घ्या, दुकानदार काहीही म्हणो. रॉडची लांबी अशी ठेवा की पेडल सोडल्यावर रॉड आणि पिस्टनमध्ये अगदी थोडी, इंचाचा सोळावा भाग एवढी मोकळीक राहील. मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतीच्या भोकातून टाकीत जाऊ शकत नाही आणि ब्रेक हळूहळू आपोआप आवळत जातात. रॉड सिलिंडरमध्ये सरळ रेषेतच गेला पाहिजे, तिरका गेला तर सील एका बाजूने झिजतं.

नळ्या मी सगळ्या नव्या टाकल्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पोलादी नळ्या बाहेरून खातं. निकेल-तांब्याच्या नळ्या गंजत नाहीत, हाताने वळतात, फ्लेअरही, म्हणजे जोडासाठी फुलवलेलं टोकही, स्वच्छ येतं. फ्लेअर दुहेरीच करायचा. नुसत्या तांब्याची नळी कुणी सुचवली तर ऐकू नका, कंपनांनी ती तडकते.

पिकअपचा मागचा भाग रिकामा असताना फार हलका असतो. जोरात ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं आधी जाम होतात आणि ट्रक आडवा व्हायला बघतो. म्हणून मागच्या नळीवर मागचा दाब कमी करणारा, हाताने फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवला. ओल्या, रिकाम्या पार्किंगमध्ये तो थोडा थोडा फिरवत, पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम होतील इथे आणून ठेवला. हे काम घाईत करू नये.

आता पाय खाली गेला की किती दाबलं, किती धरलं, रस्ता किती ओला आहे, हे सगळं पेडलमधून कळतं, आणि इंजिन बंद असतानाही ते तसंच राहतं. मला याचा खरोखर आनंद होतो.

तरी सगळ्यांना मी हे करा म्हणत नाही. जड ट्रेलर ओढणार असाल, गुडघा दुखत असेल किंवा घरात गाडी चालवणारे बरेच जण असतील आणि ते नव्या गाड्यांच्या मऊ पेडलला सरावलेले असतील, तर बूस्टर राहू द्या आणि व्हॅक्यूमचं दुखणं दुरुस्त करा. गाडी 1967 च्या आधीची असेल तर बूस्टरचा विचार नंतर, आधी एका खणाचा मास्टर सिलिंडर बदलून दोन खणांचा घाला. जुन्यात एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात.

आणि मला विचारायला याल तेव्हा तीन मापं घेऊन या: पिनपासून पॅडपर्यंत, पिनपासून पुशरॉडच्या भोकापर्यंत आणि मास्टर सिलिंडरचा बोअर. ती हातात असली की दहा मिनिटांत सांगता येईल, तुमच्या ट्रकला हे झेपेल की नाही.