आमच्या बागेत गवतच आहे

सासवडजवळच्या आमच्या पाच गुंठ्यांत बाग करायचं ठरलं, तेव्हा आराखडा काढणाऱ्याने पहिल्या झटक्यात निम्म्या जागेवर हिरवंगार कार्पेट लॉन काढून ठेवलं होतं. खाली मुरूम, उन्हाळ्यात टँकर, आणि त्यावर रोज पाणी पिणारं लॉन! मी म्हटलं, गवतच लावायचं ना, मग उंच वाढणारं लावू. तो हसला. शेजारचे अण्णा अजूनही हसतात. "पैसे देऊन गवत लावणारा तूच पाहिला," म्हणतात.

हे खूळ शिकागोचं. मुलीकडे गेलो होतो, ऑक्टोबरचा महिना होता. तिथल्या मिलेनियम पार्कमध्ये लुरी गार्डन आहे, २००४ साली झालेलं, आणि खाली चक्क पार्किंग. तिथली लागवड पीट आउडॉल्फ या डच माणसाने आखली. फुलं बरीचशी संपली होती, पण सुकलेली गवतं पिवळी-तांबूस होऊन उभी होती आणि लोक त्यांचेच फोटो काढत होते. त्यात लिटल ब्लूस्टेमसारखी तिकडच्याच माळरानावरची गवतं. हे ब्लूस्टेम आपल्या माळावरच्या मारवेल, कुसळी या गवतांच्या कुळातलं. ज्वारी, ऊस, मकाही त्यातलेच. मग म्हटलं, आपला माळ काय वाईट आहे?

परदेशी पुस्तकांतली यादी मात्र इथे जशीच्या तशी चालत नाही. त्यांचं लाडकं 'कार्ल फोर्स्टर' नावाचं गवत थंड हवेतलं. आपल्या एप्रिलमध्ये त्याचं काय होणार, ते सांगायला नको. नर्सरीत सहज मिळतं ते जांभळं फाउंटन ग्रास, रस्त्याच्या दुभाजकांत दिसतं तेच. ते मी थोडं लावलंय. ते सहसा बी धरत नाही, म्हणून निर्धास्त. त्याचा हिरवा भाऊ नको. हवाई बेटांवर त्याने लाव्हाच्या खडकांवरही पाय पसरलेत. लग्नाच्या सजावटीतलं पंपासही नको, ते कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये डोकेदुखी झालंय.

माझ्या बागेचा कणा मारवेल आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे चाऱ्यासाठी वाण काढलेत, शेतकरी ठोंबं लावतात, त्यामुळे मिळायला अडचण नाही. दोन-तीन फूट वाढतं. एक काडी हातात घेऊन पेर बघा: पेराभोवती पांढऱ्या केसांचं बारीक कडं असतं. तुरा बोटं फाकवल्यासारखा, कोवळा असताना जांभळट. याची सलग लागवड आणि मधूनमधून तेरडा, झेंडू, कोरांटी. दसऱ्याला झेंडू पेटलेला असतो आणि मारवेल नुकतं रंग बदलायला लागतं. ही जोडी मला कुठल्याही गुलाबापेक्षा आवडते.

उताराच्या बाजूला वाळा. त्याची मुळं सरळ खाली जातात, दहा फुटांपर्यंतही, त्यामुळे बांध धरून ठेवतो. स्वयंपाकघराच्या दाराशी गवती चहा. त्याला तुरा क्वचितच येतो, पण पात्यांचा झुबका देखणा असतो. फक्त पातं उलटं ओढू नका, बोट कापतं. कुसळी मुद्दाम कोपऱ्यात ठेवलीय. तिची काळी कुसळं ओली झाली की पीळ सोडतात, वाळली की परत पीळ घेतात, आणि बी असं फिरत फिरत मातीत घुसतं. मोज्यातही घुसतं, म्हणून वाटेपासून लांब.

गवत लावताना एकच गोष्ट नीट बघावी, ती म्हणजे ऊन. पडवी पश्चिमेला असेल तर गवत पडवी आणि मावळतीच्या मध्ये यायला हवं. उजेड मागून आला तरच तुरे चमकतात. भिंतीला टेकवून लावलंत तर नुसता पेंढा दिसेल.

आता सापांचं. हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. साप उंदरांमागे येतात आणि दाट गवतात त्यांना आडोसा मिळतो, हे खरंच आहे. म्हणून घराभोवती दहा फूट खडी, तिथे उंच काही नाही, आणि अंधारात बॅटरी घेतल्याशिवाय बागेत जायचं नाही. याहून जास्त खात्री मी देत नाही.

खरं भांडण माळ्याशी. दिवाळी झाली की त्याचा विळा शिवशिवायला लागतो. वाळलं म्हणजे मेलं, काढून टाका. पण आमची बाग खरी दिसते ती नोव्हेंबर ते जानेवारीतच! मुनियांचे थवे दाण्यांवर येतात, काडी वाकते, तरी सोडत नाहीत. होळीच्या आधी मात्र मीच त्याला बोलावतो: वीतभर ठेवून सगळं काप. उन्हाळ्यात वाळकं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण. कापलेलं अण्णांच्या गाईला जातं. तेव्हा ते हसत नाहीत.

मारवेलची ठोंबं हवी असतील त्यांनी पहिले दोन चांगले पाऊस झाले की यावं. मुरूम भिजल्याशिवाय ती नीट निघत नाहीत. पोतं आपलं आपण आणा.