तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्यातला एकच सिनेमा

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात दृक्‌श्राव्य विभाग सांभाळते. डीव्हीडींची कपाटं, हेडफोन लावून बघायच्या सहा जागा आणि दाराजवळ एक फलक. सिनेमाची काही बातमी आली की तिचं कात्रण मी त्या फलकावर लावते. २०२५च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. ते कात्रण लावलं, आणि नेहमीचा प्रश्न दुपटीनं यायला लागला : "मॅडम, जुन्या मराठीतला एकच सांगा. एकच. पण कंटाळा येणार नाही असा."

माझं उत्तर ठरलेलं आहे. 'कुंकू', १९३७. प्रभात फिल्म कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम.

नाव ऐकून मुलांचा चेहरा पडतो. कुंकू म्हणजे सोशिक बाई, देव्हारा, डोळ्याला पदर, असं त्यांना वाटतं. मग मी गोष्ट सांगते, शेवट न सांगता. नीरा नावाची पोरकी मुलगी. मामा तिचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतो. घरात तरणा सावत्र मुलगा आहे, समाजकार्य करणारी मुलगी आहे. आणि नीरा म्हणते, हे लग्न मला मान्य नाही. रडून नाही, पळून जाऊन नाही, त्याच घरात राहून म्हणते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा त्याला चांगला छडीनं फोडून काढते.

जरठविवाह हा आपल्याकडे नवा विषय नव्हता. देवलांची 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आली होती. पण शारदेचं लग्न टळतं. नीराचं लागून गेलेलं आहे, आता सोडवायला कुणी येणार नाही. ना. ह. आपटे यांच्या ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला तिचं नावच 'न पटणारी गोष्ट' आहे, आणि मला ते सिनेमाच्या नावापेक्षा जास्त आवडतं.

पण मी 'कुंकू' सांगते ते गोष्टीसाठी नाही. आवाजासाठी सांगते.

या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. प्रसंग दुःखाचा आला म्हणून सारंगी सुरू होत नाही, भांडण झालं म्हणून झांजा वाजत नाहीत. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. गाण्यांनाही हाच नियम लावलेला. साथ हवी असेल तर ती समोरच्या प्रसंगातूनच यायला हवी. हे १९३७ साली. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि ध्वनिपट्टी गाण्यांनी भरून टाकायची सगळीकडे चढाओढ होती. संगीत केशवराव भोळ्यांचं. ते आणि नीराच्या म्हाताऱ्या नवऱ्याचं, काकासाहेबांचं, काम करणारे केशवराव दाते, दोघंही 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेच्या १९३३च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात एकत्र होते. पल्लेदार गाण्यांच्या जागी साधं बोलणं आणि प्रसंगातून उगवणारं मोजकं गाणं रंगभूमीवर आणू पाहणारी ती मंडळी. 'कुंकू'तली शांतता तिथून आली असावी, असं मला वाटतं.

मी स्वतः हा सिनेमा पहिल्यांदा घरी पाहिला, छोट्या टीव्हीवर, मधेच उठून कुकर बंद करत. काहीच कळलं नाही. जुना आहे, संथ आहे, एवढंच वाटलं. पुढे इथे नोकरीला लागल्यावर एका दुपारी डीव्हीडी तपासायची म्हणून हेडफोन लावून बसले आणि उठलेच नाही. संगीत नसलं की माणसाचं गप्प बसणं ऐकू येतं. काकासाहेब वाईट आहेत की बिचारे आहेत हे कुणी वाजवून सांगत नाही, आपणच ठरवायचं. दाते ते काम असं करतात की मला दर वेळी वेगळं वाटतं. आणि तेच नको असलेलं, तरी माणूसच असलेलं म्हातारपण समोर असताना नीराचं काम करणारी शांता आपटे मान वर करून उभी राहते.

म्हणून माझी एकच अट असते : फोनवर, बसमध्ये बघू नका. हेडफोन लावा, अडीच तासांच्या वर वेळ हाताशी ठेवा. याचीच हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' आहे, ती नंतर बघा. आधी मराठी, कारण 'मन सुद्ध तुझं' हे शांताराम आठवल्यांचं गाणं मराठीतच ऐकायला हवं. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तिथे मुलं दचकतात. काकासाहेबांच्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, सई परांजप्यांच्या आई. संततिनियमनाचं काम त्या प्रत्यक्ष आयुष्यात करत होत्या, त्यामुळे त्या बोलतात तेव्हा नटी बोलतेय असं वाटत नाही.

'कुंकू' आवडला तर पुढे 'माणूस', १९३९. तेवढं पुरे. आणि पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात प्रभातचा स्टुडिओ आहे, तो बघून या.

सिनेमा संपवून काउंटरवर येणाऱ्या मुली बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात : "शांता आपटेचं पुढे काय झालं?" तर, १९३९ साली कराराच्या वादातून ती प्रभातच्याच फाटकाशी उपोषणाला बसली. नीरानं घरात राहून नाही म्हटलं होतं, हिनं फाटकाबाहेर बसून म्हटलं. पुढच्या वर्षी तिनं पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' सिनेमाच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींना तिथं आत काय चालतं हे सांगणारं.

त्याची एक जुनी प्रत आमच्याकडे आहे. पानं पिवळी पडलीत, कोपरे तुटतात, म्हणून घरी देता येत नाही. पण नाव सांगितलंत तर मी काढून ठेवीन, खिडकीजवळच्या टेबलावर बसून वाचा.