शनिवारचा भोंगा

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात टीव्ही आईच्या ताब्यात असतो, म्हणून मी मोबाईल शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून जेवता जेवता इंग्लंडच्या फुटबॉलची मॅच बघतो. आणि दर वर्षी दिवाळीच्या आसपास आई एकदा विचारतेच, तुझी ती मॅच साडेसातला असायची ना रे, आता साडेआठला कशी? मी सांगतो की तिकडं इंग्लंडात ऑक्टोबर संपताना घड्याळ एक तास मागं घेतात, त्यांच्याकडं मॅच दुपारी तीनलाच चालूये. "घड्याळ मागं घेतात" यावर तिचा आजतागायत विश्वास बसलेला नाही.

पण मला त्या तीनचं लई कौतुक आहे, कारण ते तीन गिरणीतून आलेत. १८५० च्या कायद्यानं तिकडच्या कापड गिरण्यांत बायकांना आणि पोरांना शनिवारी दुपारी दोननंतर कामाला लावायची बंदी झाली, आणि ती गेल्यावर नुसत्या बाप्यांवर गिरणी काय चालणार, म्हणजे सगळ्यांनाच अर्धी सुट्टी. दोनला सुटायचं, पोटात काहीतरी ढकलायचं आणि तीनला मैदानावर. झालं, टाइम फिक्स. माझे आजोबा इथं सोलापुरात जुन्या मिलमध्ये मागावर होते, १८७७ ची ती मिल, आणि वडील सांगतात की घरात घड्याळ नव्हतंच, भोंग्यावर चहा आणि भोंग्यावरच झोप. प्रीमियर लीगची, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगची मॅच लागली की मला उगीच वाटतं हा त्यातलाच एखादा भोंगा, जरा लांबून ऐकू येतोय एवढंच.

तिकडं फुटबॉलची पहिली लीग काढणारा माणूसपण कापडवालाच निघाला बघा. विल्यम मॅकग्रेगर, बर्मिंगहॅममध्ये कापडाचं दुकान, आणि अॅस्टन व्हिला क्लबचा कारभारी. १८८५ पासून खेळाडूंना पगार द्यायला परवानगी मिळालेली, पगार तर द्यायचे पण समोरची टीम ऐनवेळी कपची मॅच आली म्हणून यायचंच रद्द करायची, मग तिकीट कुणाला विकणार? म्हणून त्यानं मार्च १८८८ मध्ये क्लबांना पत्र लिहिलं की आपण ठरवून एकमेकांकडं एकदा-एकदा जाऊन खेळू. कापड दुकानदाराचं डोकं हो, गिऱ्हाईकाला माल कधी मिळणार ते आधी सांगा. बारा क्लब जमले, त्यातले सहा लँकशरचे, तोच तो सुताच्या गिरण्यांचा भाग, प्रेस्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, अॅक्रिंग्टन आणि लिव्हरपूलचा एव्हर्टन. ८ सप्टेंबरला लीग चालू झाली, वार अर्थातच शनिवार, आणि गंमत म्हणजे जिंकल्यावर पॉइंट किती द्यायचे हे ठरलं नोव्हेंबरात! आधी लग्न, मग याद्या. दोन पॉइंट ठरले, ते तीन व्हायला १९८१ उजाडलं. पहिल्याच वर्षी प्रेस्टन २२ पैकी एकही मॅच न हरता जिंकलं, पुढच्या वर्षी परत जिंकलं, आणि त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही. १९९२ ला टीव्हीच्या पैशासाठी वरचे २२ क्लब वेगळे होऊन प्रीमियर लीग झाली (आता २० आहेत), तिथं तर प्रेस्टनला पाऊलसुद्धा ठेवता आलं नाही.

मी बर्नलीवाला. सोलापुरात बर्नलीचा सपोर्टर म्हणल्यावर पोरं हसतात, काका मँचेस्टर सिटी घ्या की, लिव्हरपूल घ्या. पण आमच्या पूर्व भागात घराघरातनं मागाची खटखट ऐकत मोठं झालेल्या माणसाला गिरणीच्या गावाची टीम नको का? एवढुसं गाव, तरी १९२१ आणि १९६० ला लीग जिंकलेलं. आता मात्र वर जातंय, खाली येतंय. सिस्टीमच तशी आहे, ३८ मॅचेस झाल्या की खालचे तीन क्लब सरळ खालच्या लीगमध्ये आणि तिथले तीन वर, आपल्या आयपीएलसारखं नाही की शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी तोच मांडव. पडणाऱ्याला पॅराशूट पेमेंट म्हणून दोन-तीन वर्षं पैसे मिळतात, म्हणजे एकदम आपटू नये म्हणून. हे मी वडिलांना सांगितलं तर ते नुसते हसले आणि म्हणाले, आमच्या वेळी असतं तर.

आणि सगळ्यात भारी गोष्ट ही की तिकडची शनिवारची तीनची मॅच खुद्द इंग्लंडात टीव्हीवर लाइव्ह दाखवतच नाहीत! पावणेतीन ते सव्वापाच बंद. लोक घरी बसून मोठ्या क्लबांच्या मॅचेस बघायला लागले तर छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण येणार, म्हणून १९६० च्या दशकात हा नियम आला आणि त्यासाठी सगळ्यात जास्त भांडलेला माणूस कोण, तर बर्नलीचाच चेअरमन बॉब लॉर्ड, धंद्यानं खाटीक. म्हणजे बर्नलीतला एखादा म्हातारा गुडघे धरून घरात रेडिओ ऐकत बसलाय, आणि मी सोलापुरात कडक भाकरी दह्यात चुरून तीच मॅच बघतोय.

११ मे २०२४ चा शनिवार आठवतो. रात्र झाली तरी गच्ची तापलेली, म्हणून पाण्याची बादली ओतून चटई टाकून बसलेलो. टॉटनहॅमच्या मैदानावर मॅच, जिंकलो नाही तर खाली. पहिला गोल आपलाच! मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचे मामा, चार माग आहेत त्यांचे, टॉवेलचे, ते एक माग बंद करून भिंतीवरनं वर बघायला लागले. "काय झालं हो? पडला का कोण?" म्हणलं नाही मामा, गोल झाला. थोड्या वेळात बरोबरी झाली. मग बराच वेळ काहीच नाही आणि ८२ व्या मिनिटाला त्यांचा दुसरा. २-१. संपलं, बर्नली खाली.

मामा अजून तिथंच उभे, खांद्यावर सुताचे तुकडे, हातात रिकामी कांडी.

"गेले का तुमचे गिरणीवाले?"

"गेले."

"मग आता?"

"आता ऑगस्टमध्ये खालच्या लीगला."

"म्हणजे चालू राहतंय की," म्हणाले आणि बंद केलेला माग सुरू करायला आत गेले.