बुटांच्या वासाचं संशोधन

शनिवार

परतीचा पाऊस परतायचं नाव घेत नाही. खोलीत चार कॉट, चौघांचे बूट, आणि सगळेच्या सगळे ओले. सांगलीकरानं कालच्या पेपरचे बोळे करून बुटांत कोंबले. चंद्रपूरकरानं नाड्या खिडकीच्या गजाला बांधून आपली जोडी लोंबकळत ठेवली. जळगावकरानं मात्र त्याचे थेट पंख्याखाली ठेवले आणि पंखा पाचावर केला. दहा मिनिटांत तो वास चारही कॉटवर सारखा वाटला गेला. घरमालकीण काकू जिन्यावरूनच ओरडल्या, "अरे, आत काय मेलंय का?"

(आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारतो. माझं नाव रत्नागिरी. खरी नावं फक्त भाडेकरारावर आहेत.)

बूट बाहेर ठेवावेत तर काकू जिन्यावर ठेवू देत नाहीत, आत ठेवावेत तर झोप येत नाही. ही चर्चा चालू असताना चंद्रपूरकर मोबाइल बघता बघता एकदम कॉटवरून उठला. यंदाचं, म्हणजे २०२५ चं, अभियांत्रिकी रचनेचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं बक्षीस) बुटांच्या वासावरच्या अभ्यासाला मिळालंय, आणि मिळालंय दोन भारतीयांना! दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठातले विकाश कुमार आणि त्यांचा विद्यार्थी सार्थक मित्तल. त्यांनी पाहिलं की हॉस्टेलची पोरं बूट खोलीबाहेर काढून ठेवतात. आधी वाटलं, रॅकला जागा नसेल. कारण निघालं वास. मग १४९ विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, वास करणारा जिवाणू कोणता ते धरलं (कायटोकॉकस सेडेंटेरियस, आमच्या खोलीचा पाचवा भाडेकरू) आणि अतिनील दिव्याचा एक रॅक तयार केला. काही मिनिटं उजेड दिला की वास जातो. जास्त वेळ ठेवलं तर बूट तापतो आणि रबर जळल्याचा वास सुटतो.

आम्ही पोट धरून हसलो. पण नंतर बराच वेळ मी त्याच बातमीत होतो. हॉस्टेलमधल्या बुटांवरून आजवर हजारो पोरांनी बोलणी खाल्ली असतील. या दोघांनी बोलणी नाही दिली, पोरांना बसवून विचारलं आणि उजेड किती मिनिटं द्यायचा ते मोजलं. मला हे फार आवडलं.

रविवार

रविवारी रात्री मेस बंद. वडापाव आणि इग नोबेल, एवढाच बेत.

जळगावकर म्हणाला, ही सगळी थट्टा आहे, खऱ्या शास्त्रज्ञांना असली बक्षिसं नको असतात. मग मी त्याला आंद्रे गाइमची गोष्ट सांगितली. या माणसानं चुंबकाच्या ताकदीवर जिवंत बेडूक हवेत तरंगवला, त्याबद्दल २००० साली मायकेल बेरीसोबत त्याला इग नोबेल मिळालं. २०१० साली ग्राफीनसाठी (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) त्यालाच कॉन्स्टंटिन नोव्होसेलोवबरोबर भौतिकशास्त्राचं खरं नोबेल मिळालं. जळगावकरानं वडा खाली ठेवला. म्हणाला, "तोच माणूस?" तोच माणूस.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले अंद्राडे आणि श्रीहरी यांना २००१ साली मिळालं ते नाकात बोट घालण्याच्या अभ्यासाला. शाळेतल्या २०० मुलामुलींना विचारलं, जवळजवळ सगळ्यांनी कबूल केलं, आणि सर्वसाधारणपणे दिवसाला चार वेळा. आता वर्गात सर वळून फळ्यावर लिहायला लागले की काय चालतं हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण कागदावर कुणी उतरवलं होतं?

सांगलीकराला बोटांचे सांधे कडाकडा मोडायची सवय आहे. त्याची आई फोनवर आवाज ओळखते आणि रागावते. त्याला मी डोनाल्ड अंगर वाचून दाखवला. या अमेरिकन डॉक्टरला लहानपणी आई आणि मावश्या सांगायच्या की बोटं मोडलीस तर संधिवात होईल. त्यानं ५० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला, आणि संधिवात दोन्हींत नाही असं १९९८ साली लिहून कळवलं. २००९ साली त्याला बक्षीस मिळालं. सांगलीकरानं त्याच क्षणी आईला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "त्याची आई त्याला सांगून दमली असंल, मी अजून दमल्याली न्हाई."

मंगळवार

दिवाळीआधी सबमिशन. जर्नलचे, म्हणजे प्रयोगवहीचे, राइट-अप उरलेत, आणि खोली मात्र इतकी स्वच्छ आधी कधीच नव्हती. जळगावकरानं पंख्याची पाती सर्फच्या पाण्यानं पुसली. चंद्रपूरकरानं झेरॉक्सच्या गठ्ठ्यांना विषयवार रंगीत कागद लावले. सांगलीकर आज अडीच तास गॅरंटी कार्डं शोधत होता, इस्त्रीचं, मिक्सरचं. आमच्याकडे मिक्सर नाही.

हे जगभर चालतं. स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन पेरी यांनी यावर निबंधच लिहिला, आणि २०११ साली साहित्याचं इग नोबेल मिळवलं. त्यांचं म्हणणं असं, की चालढकल करणारा माणूस स्वस्थ बसत नाही. महत्त्वाचं काम टाळण्यासाठी तो बाकीची कामं मन लावून करतो. तेव्हा यादीत सगळ्यात वर एखादं भयंकर वाटणारं काम ठेवून द्यायचं, खालची सगळी आपोआप होतात. पेरी स्वतः विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचे, आणि पेपर तपासायचे असले की पोरांबरोबर टेबल टेनिस खेळायला जायचे. त्यावरून पोरांत मिसळणारा चांगला प्राध्यापक म्हणून नाव झालं! मला हा माणूस जवळचा वाटतो. पंख्याची पाती पुसणाऱ्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. असं टिपेचं काम त्यानं वर्षभरात केलेलं नाही, आणि ते जर्नलमुळेच झालं.

शेजारच्या खोलीतला फर्स्ट इयरचा मुलगा रात्री जीटी (ग्लास ट्रेसिंग, काचेवरून ड्रॉइंगची नक्कल) मारत होता. दोन बादल्यांवर खिडकीची निखळलेली काच, खाली बल्ब, वर मित्राचं ड्रॉइंग शीट, त्यावर आपलं. साडेअकराला लाइट गेली. अंधारात त्याचा आवाज आला, "कुणी हलू नका, शीट सरकंल!" आम्ही आमच्या खोलीत होतो, तरी हललो नाही.

गुरुवार

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, उद्या. सांगलीकर खोलीत येरझाऱ्या घालत एन्ट्रॉपीची (उष्णता कशी पसरते, पसारा कसा वाढतो ते मोजणारी भौतिकशास्त्रातली राशी) व्याख्या म्हणतोय. एन्ट्रॉपी म्हणजे, एन्ट्रॉपी म्हणजे, एन्ट्रॉपी म्हणजे. मधेच थांबला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "रत्नागिरी, हा शब्दच मला ओळखू येईना झालाय. एन्ट्रॉपी. कुणाच्या तरी आडनावासारखं वाटतंय."

नशीब की कालच वाचलं होतं. ख्रिस मूलॅं आणि अकिरा ओकॉनर यांच्या चमूला २०२३ साली याच गोष्टीसाठी साहित्याचं इग नोबेल मिळालं. विद्यार्थ्यांना बसवून एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहायला लावला. साधारण मिनिटभरात, ३३ वेळा लिहून झाल्यावर, तोच ओळखीचा शब्द परका वाटायला लागे. ७० टक्के जण निदान एकदा तरी त्यामुळे थांबले. मूलॅं यांना याची पहिली चव शाळेतच मिळाली होती, शिक्षा म्हणून एकच ओळ लिहिताना. आपल्याकडे ही शिक्षा न भोगलेला माणूस सापडणं कठीण, आणि वहीच्या चौथ्या पानावर आपलीच भाषा अनोळखी होते हे आम्हा चौघांनाही आठवत होतं.

त्यांच्या मते हा मेंदूचा इशारा असावा, की काम यांत्रिक झालंय, आता बाहेर ये. हे सांगितल्यावर सांगलीकराच्या जिवात जीव आला. त्याला वाटत होतं डोकंच गेलं. मी पुस्तक मिटवलं आणि म्हटलं, व्याख्या राहू दे, चहा थंड का होतो ते मला सांग. त्यानं ते इतकं छान सांगितलं की जळगावकर कॉटवरून उठून ऐकायला आला. घोकंपट्टीनं पोरांना विषयाची भीती बसते हे मी घरीही भांडून सांगत आलोय. आता माझ्या बाजूनं ७० टक्के आहेत.

शुक्रवार

व्हायवा झाली. सांगलीकराला बाहेरून आलेल्या सरांनी एन्ट्रॉपी विचारलीच नाही. त्यानं स्वतःहून चहाचं सांगितलं. सर हसले.

संध्याकाळी पाऊस, आणि मेसचा डबा आणायला कुणीतरी जायला हवं. आमच्याकडे हा निकाल नाण्यावर लागतो. पण चंद्रपूरकरानं २०२४ चं संभाव्यतेचं इग नोबेल शोधून काढलं होतं. ४८ जणांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली, आणि उडवताना जी बाजू वर होती तीच बाजू ५०.८ टक्के वेळा वर आली. म्हणजे उडवण्याआधी नाणं पाहणाऱ्याला किंचित फायदा. "आजवर जळगाव बघून उडवायचा," तो म्हणाला. जळगावकर भडकला. मागचे सगळे डबे मोजायची मागणी झाली. शेवटी ठरलं, नाणं मुठीत खुळखुळवून डोळे मिटून उडवायचं आणि छापा की काटा हे दुसऱ्यानं ते हवेत असताना सांगायचं. जळगावकरानं डोळे मिटून उडवलं, ते थेट सांगलीकराच्या बुटात गेलं. पेपरच्या बोळ्यावर तिरपं उभं. छापाही नाही, काटाही नाही.

नाणं काढायला हात कुणी घालायचा, यावर आता वाद चालू आहे. डबा मेसमध्येच आहे.