नवेगाव बांधला पाणकावळ्यांची शिकार पाहताना

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे भाऊ गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधच्या तलावावर गेलो ते वाघासाठी नाही, पाणकावळे मासे कसे धरतात ते पाहायला. तारकर्लीला नावेतून डॉल्फिनचा कळप मासळीला घेरताना पाहिला, तेव्हापासून हे मनात होतं. मिळून मासे धरणारे जीव आपल्या तळ्यांवरही आहेत, आपणच कधी थांबून पाहत नाही.

साकोलीहून पहाटेच निघालो. रेल्वेने यायचं असेल तर गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनी-मोरगावला उतरता येतं. धान कापलेल्या बांध्यांवर दाट धुकं होतं, गाडी हळूच चालवा. तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी बांधलेला. भोवती सात बहिणींच्या टेकड्या. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलो तेव्हा समोर नुसतं पांढरं होतं.

ऊन आलं आणि खेळ सुरू झाला. आधी पाच-सहा पाणकावळे इकडेतिकडे बुड्या मारत होते. बघता बघता साठ-सत्तर जमले आणि त्यांची रांग धरली गेली. जवळच डोंगा (लहान नाव) बांधत असलेले ढिवर, म्हणजे मासेमार, काका म्हणाले, "भाऊ, हलू नका. आता हे घेरतेत." तसंच झालं. रांग काठाकडे सरकू लागली. मागे पडलेले उडायचे, पुढच्यांच्या डोक्यावरून जाऊन रांगेच्या पुढे उतरायचे आणि लगेच बुडी. त्यामुळे अख्खा थवा पाण्यावर लोळत पुढे येतोय असं वाटत होतं. मासळी उथळात रेटली गेली, तिथे बगळे आधीच उभे होते. त्यांना आयतीच न्याहारी!

एक पाणकावळा आमच्यापासून वीसेक पावलांवर वर आला. चोचीच्या टोकाच्या आकड्यात बोटभर मासा आडवा. त्याने तो हवेत उडवला, माशाचं डोकं आधी आत जाईल असा झेलला आणि गिळला. उलटा गिळला तर पराचे काटे घशात उभे राहतात. पोट भरल्यावर तो खुंटावर पंख पसरून बसला. याची पिसं पाण्याने भिजतात, म्हणून बुडी सोपी जाते आणि मग वाळवत बसावं लागतं. तिरंदाज या लांब मानेच्या पाणपक्ष्याचंही तसंच, पण तो एकटा शिकार करतो. नुसती मान पाण्यावर दिसते आणि मासा चोचीत टोचूनच वर येतो.

नऊच्या सुमारास मोटरबोटीतून आलेल्या मंडळींनी फोटोसाठी बोट थेट थव्यात घातली. सगळा घेर फुटला, पक्षी पलीकडच्या काठाला गेले, ते आम्ही असेपर्यंत परतलेच नाहीत. फार वाईट वाटलं. तासाभराची त्यांची मेहनत एका फोटोपायी गेली. तेव्हा कळकळीचं सांगणं: बोटीत बसलात तर थवा दिसताच इंजिन बंद करायला लावा आणि लांबूनच पाहा. बिस्किटं, चिवडा पाण्यात टाकू नका.

जाणाऱ्यांनी सूर्य उगवायच्या आत पाळीवर पोचावं आणि ऊन पाठीवर येईल अशी जागा धरावी. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. कपडे मातकट रंगाचे घाला, आणि स्वेटर-कानटोपी विसरू नका, पाण्यावरचा गारवा हाडात शिरतो. सुट्यांच्या दिवसांत मुक्कामाचं बुकिंग आधीच करा. जंगलात जायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी.

निघताना काका जाळं झटकत होते. नायलॉनच्या जाळ्यात बुडी मारणारे पक्षी अडकतात, म्हणून ते सकाळी सगळ्यात आधी जाळंच बघतात. आदल्या दिवशी एक तिरंदाज अडकला होता, तो त्यांनी दोरे कापून सोडला. कापलेल्या जागी नव्या निळ्या दोऱ्याची गाठ होती, तळहाताएवढी.