कैरो ते ट्युनिस

अरब राजकारण म्हणजे नुसता धर्म असं कोणी म्हटलं की मला खरंच राग येतो, कारण १९२५ मध्येच इजिप्तच्या अली अब्देल राझिक यांनी लिहून टाकलं होतं की खिलाफत, म्हणजे खलिफाची राजवट, ही इस्लामची अट नाहीच, आणि त्यापायी कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठानं त्यांना उलेमांमधून, म्हणजे धर्मपंडितांमधून, काढलं, न्यायाधीशाची नोकरीपण गेली. मग इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासेर यांचा, सगळ्या अरबांना एक मानणारा अरब राष्ट्रवाद आला, १९६७ च्या युद्धात इस्रायलकडून हार झाली आणि त्याची हवाच निघाली. पण पुढच्याच वर्षी सीरियाचे विचारवंत सादिक जलाल अल-अझम यांनी पराभवाचं खापर बाहेरच्यांवर न फोडता स्वतःच्याच समाजाची चिकित्सा केली, हे धाडस मला फार मोठं वाटतं. ट्युनिशियाच्या एन्नहदा या इस्लामवादी पक्षानं २०१६ मध्ये धर्मप्रचार आणि राजकारण वेगळं केलं, पण २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसदच गोठवली आणि २०२३ मध्ये पक्षाचे नेते रशीद घनूशी यांना अटक झाली.