कामाची नोंद : बेसच्या कडेवर रोख आणि माऱ्याचा कोन

टेबलावर छोट्या पुतळ्यांनी (मिनिएचर) खेळायच्या युद्धखेळांपैकी इन्फिनिटीचे दहा सैनिक आणि बॅटलटेकचे चार मेक, म्हणजे चालते लढाऊ यंत्रमानव, रंगवून बरेच दिवस झाले होते, तरी ते खेळायला काढण्याजोगे आत्ता कुठे झाले आहेत. पुतळ्याखालच्या चकतीवर, म्हणजे बेसवर, फेसिंग (त्याचे तोंड कुठे आहे तो रोख) आखण्याचे किचकट काम मी शेवटपर्यंत टाळत आलो होतो.

इन्फिनिटीत सैनिकाला आपल्या पुढच्या १८० अंशांतलेच दिसते, त्यामुळे शत्रू त्याच्यापासून ८ इंचांहून दूर राहून पाठीमागे सरकला, तर त्याला प्रतिक्रिया देण्याची संधी सहसा मिळत नाही. हा रोख पुतळ्याच्या पवित्र्यावरून ठरवायचा म्हटला, तर दर डावात वाद ठरलेला. माझ्या स्नायपरचे पाय डावीकडे आहेत, कंबर समोर आहे, बंदूक उजवीकडे रोखलेली आहे आणि मान खांद्यावरून मागे वळलेली आहे. शिल्पकाराने फार सुंदर घडवला आहे, पण तो नेमका कुठे पाहतो आहे, हे त्यालाच ठाऊक!

पहिल्या तीन बेसवर मी नजरेच्या अंदाजाने १८० अंशांची हद्द दाखवणाऱ्या दोन खुणा केल्या आणि नंतर पट्टी लावून पाहिली, तेव्हा एका बेसवर दोन खुणांना जोडणारी रेघ मध्यबिंदूच्या २ मिलिमीटर पुढून जात असल्याचे आढळले. २५ मिलिमीटरच्या बेसवर एवढ्या चुकीने १८० अंशांचे जवळपास १६२ अंश होतात, म्हणजे प्रत्येक बाजूला ९ अंश कमी, आणि १६ इंचांवर हाच फरक अडीच इंचांचा होतो. तेवढ्या जागेतून एक सैनिक आरामात निसटून जातो.

आता मी कागदाची ३ मिलिमीटर रुंद पट्टी बेसभोवती गुंडाळून टोके जुळतात तिथे कापतो, ती बरोबर मधोमध दुमडतो आणि घडीवरून खुणा उतरवून घेतो. २५ च्या बेसचा परीघ साधारण ७८.५ मिलिमीटर, म्हणून दोन खुणांमधले अंतर ३९ च्या किंचित पुढे. ४० च्या बेसला तेच ६३ च्या थोडे आत येते. पट्टी आणखी एकदा दुमडली की नेमका पुढचा बिंदूही मिळतो. बेसची कड वर निमुळती होत असल्याने पट्टी तिरकी चढू पाहते, म्हणून ती अगदी तळाच्या काठाला धरावी लागते.

रंगाच्या बाबतीत आधी मागची अर्धी कड काळी आणि पुढची करडी ठेवून पाहिली. हातात घेतल्यावर ते देखणे दिसत होते, पण ४ फुटी टेबलाच्या पलीकडून, ट्यूबलाइटच्या उजेडात, दोन्ही रंग एकच भासले. शेवटी सगळी कड काळी केली, सीमेवर हस्तिदंती रंगाच्या दोन उभ्या रेघा ओढल्या आणि समोर एक छोटा त्रिकोण काढला. मिनिएचर उचलताना बोटे नेमकी कडेलाच लागतात, त्यामुळे मॅट (चमक नसलेल्या) वॉर्निशच्या आधी तिथे ग्लॉस (चमकदार) वॉर्निशचा एक हात दिला आहे.

बॅटलटेकचे काम त्या मानाने सोपे, कारण षट्कोनी बेसच्या बाजूच रोख सांगतात. माऱ्याचे कोन असे : पुढे १२० अंश, दोन्ही कुशींना ६०–६० आणि मागे १२०. इथे मेकचा रोख पायांवरून ठरतो, आणि मी एका मेकचे पाय बाजूऐवजी कोपऱ्याकडे रोखून चिकटवले होते. ब्लेडने घोटे कापून तो पुन्हा बसवावा लागला. धड षट्कोनाच्या एका बाजूइतके वळवले की माऱ्याचे कोनही त्याच्याबरोबर वळतात, पण ते त्या फेरीपुरतेच असल्याने बेसवर रंगवता येत नाही. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचे बाण कापून बेससमोर ठेवतो. एक्स-विंग या अंतराळजहाजांच्या खेळात जहाजाखालच्या पुठ्ठ्यावर आर्क, म्हणजे माऱ्याचा कोन, छापूनच येतो, त्याचा अशा वेळी हेवा वाटतो. वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळाने तर २०१७ च्या आठव्या आवृत्तीत वाहनांच्या पुढच्या-मागच्या चिलखतातला भेदच काढून टाकला. खेळ जलद झाला असेल, पण शत्रूच्या रणगाड्याला वळसा घालून मागून गाठण्याची गंमत त्यात उरली नाही.

५५ मिलिमीटरचे दोन बेस अजून बाकी आहेत. इन्फिनिटीतल्या ३६० अंशांचा व्हायझर असलेल्या, म्हणजे चौफेर पाहू शकणाऱ्या, सैनिकाला खुणांची गरज नव्हती, पण कोरी कड पाहून समोरचा खेळाडू दोनदा विचारता झाला, की हा रंगवायचा राहिला का. म्हणून त्याच्या कडेवर अखंड हस्तिदंती वर्तुळ काढले आहे.